ढेकरडब्याशेजारी बसण्याआधीची माझी निरवानिरव

लिहून ठेवणार: मी, टिचकी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे आणि दाखला कुठे आहे ते आईला माहीत. वय बावीस. धंदा: मामाच्या गॅरेजमध्ये पडेल ते काम आणि कुणी न सांगितलेल्या खोड्या. राहणार आईच्या घरी, झोपण्या-जेवण्यापुरता.

कारण लिहून ठेवतो की, माझं डोकं ठिकाणावर आहे. (मामा म्हणतो, ठिकाणच चुकलंय. तिकडे लक्ष देऊ नये.) तब्येत ठणठणीत आहे. कुणी धाक दाखवला म्हणून किंवा काही ढोसलं म्हणून मी हे लिहीत नाही. सकाळपासून पोटात नुसता चहा आहे. अशा कागदात आयुष्याचा भरवसा नाही असं लिहायची पद्धत आहे. मला आयुष्याचा भरवसा आहे, माझ्या ताईच्या उजव्या पायाचा नाही. थोड्या वेळात ती मला शेजारी बसवून गाडी तुफान पळवणार आहे. म्हणून जे काय माझं म्हणून आहे त्याची वाटणी आत्ताच करतो.

हे असं लिहायची मला सवय आहे. शाळेने आणि मी एकमेकांना सोडल्यावर मी कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे होतो. लोकांची मृत्युपत्रं टाईप करायचो. एका म्हाताऱ्या बाईंच्या कागदात मी माझ्या मनाने "आणि थोरल्या सुनेस माझी कवळी" असं घातलं. बाईंना ते इतकं आवडलं की त्या म्हणाल्या, राहू दे. टायपिस्टला नाही आवडलं. त्याच आठवड्यात मी मामाकडे लागलो.

कागद खाकी आहे, कारण तो आमच्या पेंटरचा आहे. रंग मारताना तो काचांवर हा चिकटवतो. कडेला लाल दिसतंय ते रक्त नाही. अजून नाही.

कलम एक. ढेकरडबा.

हा माझा सगळ्यात मोठा ऐवज, म्हणून आधी त्याची हकिगत. हकिगत नसली की वारस भांडतात.

ताईची एक गाडी आहे. दोन दारांची, जुनी, भंगारातून आणलेली. तिने एकेक नट स्वतः घासून ती उभी केली आणि वर टर्बो बसवला. डोंगरावरच्या रस्त्याची जी शर्यत असते तिच्यात ती पळवते. मागच्या दोन्ही शर्यतींत असं झालं की गाडी सुरुवातीला वाघासारखी सुटली आणि तिसऱ्या वळणावर मागून निळा धूर सोडायला लागली. झेंडेवाल्याने हात केला, गाडी बाहेर. तेल रस्त्यावर पडलं तर मागचा घसरून मरेल, असा त्यांचा नियम आहे. नियम बरोबर आहे. ताई कुणाशी भांडली पण नाही.

भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती घरी आली, हातमोजे काढले आणि स्वयंपाकघरात आईच्या शेजारी उभी राहून भांडी पुसायला लागली. ताई भांडी पुसते म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

"आई, या वेळेला जर परत धूर निघाला ना," ती म्हणाली, "तर मी गाडी विकते आणि काकांच्या खुर्चीत जाऊन बसते."

आई म्हणाली, "ती वाटी पुसून झालीय. किती वेळा पुसशील?"

खुर्चीचं पुढे येईलच.

मामाने गाडी बघून निकाल दिला की पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडायला लागेल, आणि शर्यतीच्या आत ते होणं शक्य नाही. मी म्हटलं, "मामा, रिंगा धडधाकट आहेत. इंजिन स्वतःची ढेकर गिळतंय."

"तू गप."

"अरे खरंच. हवा आत जाते त्या नळीत बोट घालून बघ."

"मागच्या वेळी तू बोट घाल म्हणालास तेव्हा आत ग्रीस होतं."

"ते मी भरलेलं होतं. हे खरं आहे."

"त्याच्या मागच्या वेळी डिंक होता."

लबाडाच्या तोंडून खरं निघालं तर त्याला कुणी पाट देत नाही. पण गोष्ट साधी आहे. इंजिनच्या पोटात पिस्टन धपाधप वर-खाली होतात. थोडी गरम हवा त्यांच्या कडेने खाली पोटात उतरते. तिला बाहेर यायला एक नळी असते. ती हवा येताना तेलाची वाफ घेऊन येते, आणि ती नळी जोडलेली असते परत इंजिनच्या तोंडालाच. म्हणजे ढेकर दिली आणि लगेच गिळली. सावकाश चालवली तर काही नाही, पण ताई सावकाश चालवतच नाही. मग तेल जळतं आणि निळा धूर. म्हणून मधे एक डबा पाहिजे, ज्यात वाफ थंड होईल, तेल खाली पडेल आणि नुसती हवा पुढे जाईल.

मामाने बोट घातलं नाही. ताईने घातलं. काळं, ओलं, थबथबलेलं बाहेर आलं. तिने बोट माझ्या शर्टाला पुसलं. आमच्यात याला हो म्हणतात.

तर सदर ढेकरडबा, त्याच्या नळ्या, क्लिपा, तोटी आणि शिट्टीसकट, माझ्यामागे ताईचा. चालला तरी तिचा आणि नाही चालला तरी तिचा. नाही चालला तर निदान त्यात भात लावता येईल. का ते कलम तीनमध्ये कळेल.

कलम दोन. थर्मास.

पहिला ढेकरडबा मी आजोबांच्या थर्मासचा केला. दिसायला चकचकीत, झाकण घट्ट, आकार नेमका बॅटरीच्या बाजूच्या फटीत बसणारा. मला वाटलं आपण जन्मालाच इंजिनियर आलोय. झाकणाला दोन भोकं पाडली, नळ्या लावल्या, आत तारेच्या घासण्या कोंबल्या, आणि गाडी जागेवरच ठेवून ताईने भरपूर वेळ रेस दिली. सगळं गॅरेज गोळा झालं. आजोबा स्टूल घेऊन पुढे बसले, कारण थर्मास त्यांचा.

झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत. थेंब नाही. आणि मागे सायलेन्सरला निळा धूर तसाच.

मामा म्हणाला, "चहा टाकून बघ. निदान चहा तरी निघेल."

पेंटर म्हणाला, "वाढदिवसाला दे कुणाला."

आजोबा म्हणाले, "माझी चव गेली त्याची आता."

ताई हसली नाही. तिने रेस बंद केली, दार लावलं आणि हात धुवायला गेली. तिला कंटाळून हात धुताना पाहिलं आणि मला नुसतं उभं राहवेना. मी थर्मासला हात लावला. बाहेरून गार. आत येणारी नळी हाताला चटका देत होती, बाहेर जाणारीही चटका देत होती, आणि थर्मास मात्र गारेगार. तेव्हा डोक्यात उजेड पडला. थर्मासचा धंदाच मुळी गरम ते गरम ठेवायचा! तेलाची वाफ आत आली, ऊब मिळाली, पाय पसरून बसली आणि तशीच गरमागरम पुढे निघून गेली. वाफेला थंडी वाजायला पाहिजे होती आणि मी तिला गोधडी पांघरली होती.

सगळ्या जगात ढेकरडबा करायला थर्मास घेणारा मी एकटाच असेन. हा मान मी कुणाच्याही नावे करत नाही, तो माझ्याबरोबर जाईल.

थर्मास आजोबांचा आजोबांना. ही काही मी दिलेली देणगी नाही, त्यांचीच वस्तू त्यांना परत आहे. हे मुद्दाम लिहितोय, कायद्याच्या दृष्टीने पुढे महत्त्वाचं आहे.

कलम तीन. आई आणि कुकर.

आता डबा असा पाहिजे होता की ज्याचा पत्रा पटकन थंड होईल, झाकण हवाबंद बसेल आणि आत दाब वाढला तर वाट असेल. असा डबा बाजारात मिळतो म्हणे. आमच्या घरी ओट्याखाली मिळाला. आईचा छोटा कुकर.

ॲल्युमिनियमला आमच्याकडे झाळून जोड धरत नाही, म्हणून मी भोकं पाडून नट, वॉशर आणि रबर लावून पितळी टोकं बसवली. आत भोकाभोकांची चकती, तिच्यावर तारेच्या घासण्या. मामा म्हणाला होता, लोखंडाची बारीक लोकर टाक, चांगलं गाळेल. मी नको म्हटलं. त्या लोकरीचे तुकडे सुटून इंजिनात गेले तर ते तेलाच्या जागी लोखंड गिळेल. या एका गोष्टीत मी बरोबर होतो हे मामाने मान्य केलंय, म्हणजे तो काही बोलला नाही. खाली तेल सोडायला तोटी. वर शिट्टी आहे तशी.

ताई म्हणाली, "शिट्टी काढ. लोक हसतील."

मी म्हटलं, "लोक हसले तर हसले, इंजिनचं पोट फुटलं तर रडायला आपणच."

शिट्टी राहिली. पण डबा गाडीत चढवायच्या आधी आईला कळलं. तिने दारातूनच ओळखला.

"तो माझा कुकर आहे."

"होता, आई."

"त्यात काय चाललंय?"

"ताईची गाडी."

आईने ताईकडे बघितलं. मला वाटलं आता माझी शंभरी भरली. पण ती म्हणाली, "मग नीट घासून घे. आमटीचा वास इंजिनला नको." आणि गेली. ताईने तो नळाखाली धरून इतका घासला की बुडावरचं कंपनीचं नाव उडालं.

तर आईला: माझी सगळी शिल्लक. ती कुठे असते हे तिला माहीतच आहे, कारण तीच ती मधून मधून संपवते. आणि एक नवा कुकर, जो मी कमावल्यावर घेणार होतो. मेल्यावर कसा घेणार हे मला कळत नाही, पण नियत लिहून ठेवायला काय जातं.

(इथे ताई आली. हातात पाना, कोपरापर्यंत काळी.

"काय लिहितोयस?"

"मृत्युपत्र."

"कुणाचं?"

"माझं. तू गाडी चालवणार ना."

"मला काय ठेवलंयस?"

"कलम एक वाच."

वाचलं. "शुद्धलेखन बघ जरा," म्हणाली, आणि परत बॉनेटखाली गेली. पण पाना घट्ट करताना गुणगुणत होती. या आठवड्यात पहिल्यांदा.)

कलम चार. हत्यारं.

माझे दहा नंबरचे पाने, सापडतील तेवढे, मामाला. त्याचेही दहाचे पाने आधीपासून हरवलेत, आणि ते कुठे आहेत हे मी मेल्यावर त्याला आपोआप कळेल, कारण माझी ट्रंक उघडेल. आत्ता उघडू नये.

मामाला याच कलमात माझी एक तक्रारही देतो. आत्ता मी मरायला बसणार आहे ते त्याच्या नियमामुळे. पूर्वी एका वेल्डरने एका गाडीत सीटचा स्टँड बनवला आणि चाचणीच्या वेळी स्वतः टपरीवर उभा राहिला. मामा चालवायला बसला. पहिला गिअर टाकताच सीट मामाला घेऊन मागच्या काचेपर्यंत गेली, गाडी पुढे आणि मामा मागे. तेव्हापासून गॅरेजचा नियम: घरी बनवलेला भाग ज्याने बनवला, त्यानेच पहिल्या चाचणीला शेजारी बसायचं. भिंतीवर रंगवून ठेवलाय. पेंटरने "शेजारी" या शब्दाखाली दोन रेघा मारल्यात.

मला नियम पटतो. नियम दुसऱ्यावर असला की फारच पटतो.

कलम पाच.

पेंटरला माझं चामड्याचं जॅकेट. त्याचा त्याच्यावर डोळा आहे, मी आजारी पडलो की तो हमखास विचारपूस करायला येतो. जॅकेटच्या आतल्या खिशात हात घालू नये. घातल्यास मला शिव्या देऊ नयेत, मेलेल्या माणसाला शिव्या देत नाहीत.

(हे वाचून पेंटर आत्ताच म्हणाला, "साक्षीदार म्हणून सही देतो की मी." मी त्याला सांगितलं, कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस तर जॅकेट गेलं. तो दोन पावलं मागे सरला, हात मागे घेतले आणि आता ब्रश धुतोय. म्हणजे साक्षीला अशी माणसं पाहिजेत ज्यांना मी काहीच ठेवलेलं नाही. आणि ज्याला विचारावं त्याला कळतं की आपल्याला काही नाही. फार नाजूक काम आहे. मामाला विचारलं, तो म्हणाला, "मला तक्रार दिलीस, पाने दिलेस, अजून काय, सही पण देऊ?")

कलम सहा. काका आणि खुर्ची.

काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, यांचं फरशांचं शोरूम आहे. आत गार हवा, सगळीकडे आरसे, पाय ठेवायला भीती वाटेल इतकं चकचकीत. तिथे हिशेबाच्या टेबलामागे चाकांची एक खुर्ची त्यांनी ताईसाठी कधीपासून राखून ठेवली आहे. घरी आले की दर वेळी म्हणतात, "गाड्यांची हौस झाली ना फेडून? खुर्ची वाट बघतेय हं." वाईट माणूस नाही. पण ताई डोंगरावरच्या वळणावर कशी दिसते हे त्यांनी पाहिलेलं नाही आणि मी पाहिलंय. ती वळणात शिरते तेव्हा तिचा चेहरा असा असतो, जसा बाकीच्यांचा गाढ झोपेत असतो. खुर्चीत तो चेहरा राहणार नाही. चाकं असली तरी.

म्हणून काकांच्या नावे माझ्याकडून एक बोल्ट. तो त्याच खुर्चीखालचा आहे. मी मागच्या वेळी फरशा पोचवायला गेलो तेव्हा तो आपोआप माझ्या खिशात आला. तेव्हापासून त्या खुर्चीत जो बसतो तो बोलता बोलता हळूहळू खाली जातो. काकांनी दोन गिऱ्हाइकं आणि एक बँकेचा माणूस असे खाली जाताना पाहिलेत आणि तिन्ही वेळा ते तोंड फिरवून बसले, असं ऐकतो. बोल्ट काकांना द्यावा, पण एका अटीवर: ताई त्या खुर्चीत बसणार नाही हे नक्की झाल्यावर.

कलम सात. माझ्यामागे रडारड करू नये. मामाने भाषण करू नये. आईने जेवण चुकवू नये.

ताई हॉर्न वाजवतेय. जातो.

पुरवणी.

मी वरचाच टिचकी, पुन्हा लिहितो. जिवंत आहे.

गोदामांमागचा जो लांब सरळ रस्ता आहे आणि शेवटी वळणं, तिथे आम्ही गेलो. ताईची सीट नवी, पट्टे चार. माझी सीट गाडीबरोबर आली होती ती, पट्टा एक. ताईने विचारलं, "तयार?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि "हो" मागे रस्त्यावर राहिला.

दुसऱ्या गिअरपर्यंत मी डोळे उघडे ठेवले होते. तिसऱ्यात मला लहानपणापासूनच्या सगळ्या खोड्या आठवल्या आणि सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली, पेंटरची सोडून. आणि तेवढ्यात बॉनेटखालून, कान फाडेल अशी, शिट्टी झाली.

"हे काय?" ताई ओरडली.

"कुकर!"

"किती शिट्ट्यांवर बंद करायचा?"

"एकीवर! एकीवर!"

तिने करकचून ब्रेक मारला. आम्ही बॉनेट उघडलं. डब्यातून हवा पुढे जाते ती नळी मी आजोबांच्या बागेच्या पाण्याच्या पाइपची केली होती. मऊ पाइप. इंजिनने ओढ घेतली आणि गरम झालेला पाइप आत चिकटून पापडासारखा चपटा झाला. पुढे वाट बंद, म्हणून दाब डब्यात, म्हणून शिट्टी.

मला वाटलं संपलं. मी ताईकडे बघितलंच नाही. ती वाकून बराच वेळ बघत होती.

"शिट्टी नसती तर," ती म्हणाली, "इंजिनची सगळी सील फाटली असती."

"तू काढ म्हणाली होतीस."

"मग? तू ऐकलंस का?"

"नाही."

"मग झालं तर." आणि ती गाडीत शिरली, माझी सीट उलटी केली, पकडीने तिच्या बुडातली एक लांब स्प्रिंग उपटून काढली आणि ती पाइपात सारली. आता पाइप आत चिकटायला तयार होईना. "बस," म्हणाली.

"कशावर बसू? स्प्रिंग काढलीस."

"उरलेल्यांवर."

दुसऱ्या फेरीत मी रस्ता बघितला नाही. मी ताईला बघत होतो आणि ती आरशात बघत होती. सरळ रस्ता संपला, पहिलं वळण, दुसरं, तिसरं. तिसऱ्यावर तिने आरशात बघितलं आणि बघतच राहिली. मी म्हटलं, "ताई, पुढे बघ!" ती म्हणाली, "पुढे काय, रस्ताच आहे." मी मान वळवली. मागे धूळ होती, झाडं होती, एक कुत्रा होता. निळं काही नव्हतं.

गॅरेजला आलो. मामाने गिलास धरला, मी तोटी उघडली. आधी थेंब, मग धार. दुधाळ, तपकिरी, कॉफीला घाण वास सुटावा तसं. अर्धा गिलास.

मामाने वास घेतला. गिलास उजेडात धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे तू आधीच ओतून ठेवलं होतंस."

पेंटर म्हणाला, "मला पण तेच वाटतंय."

आईशप्पथ, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही ओतलं नव्हतं आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. माझा चेहरा कसा झाला असेल मला माहीत नाही, पण ताईने गिलास मामाच्या हातातून घेतला.

"मामा, डबा मी घासलाय. मी बसवलाय. क्लिपा मी आवळल्यात. हा त्याच्या जवळपास नव्हता, हा मृत्युपत्र लिहीत होता."

मामाने माझ्या कागदाकडे बघितलं आणि तोटी स्वतः बंद केली. कायद्याच्या कागदाचा असाही उपयोग होतो.

आणखी थोडी पुरवणी.

हे आता मैदानावर लिहितोय. उद्याच्या शर्यतीच्या गाड्या तपासायला रांग लागली होती आणि आमच्यापुढे तीन गाड्या होत्या, सगळ्या आमच्याहून नव्या. तपासनीस म्हणजे पांढऱ्या टोपीतला माणूस, तोच झेंडेवाला, ज्याने मागे ताईला हात करून बाहेर काढलं होतं. त्याने बॉनेट उघडलं आणि टोपी मागे सरकवली.

"हा कुकर आहे."

"तेल वेगळं करायचा डबा आहे," ताई म्हणाली.

"त्याला शिट्टी आहे."

"दाब वाढला की सुटायला झडप आहे."

"बाई, मी संसारी माणूस आहे. मला शिट्टी कळते."

त्याने क्लिपा ओढून बघितल्या. गाडी चालू करायला लावली, रेस द्यायला लावली, मागे जाऊन सायलेन्सरपुढे पांढरा रुमाल धरला. रुमाल पांढरा राहिला. परत येऊन त्याने कुकरला हात लावला आणि चटका बसल्यावर हसला.

"गाडी पास," म्हणाला. "पण हा भाग घरचा आहे. वाटेत काही सुटलं तर ओळखणारा माणूस गाडीत पाहिजे. कुणी बनवलाय?"

मामा, पेंटर, आजोबा आणि ताई, चौघांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट केलं.

"मग उद्या हा शेजारच्या सीटवर."

"साहेब, त्या सीटची स्प्रिंग नाही."

"मग नीट धरून बसा."

ताई लांब जाऊन फोनवर बोलत होती. वारा आमच्याकडचा होता म्हणून ऐकू आलं. "हो काका... नाही, नको मला ती... नाही, रागाने नाही... दुसऱ्या कुणाला तरी द्या... हो, खरंच सांगतेय, कुकर लावून." मग ऐकता ऐकता ती मोठ्याने हसली. काका काय म्हणाले ते तिने सांगितलं नाही.

मी खरं तर हा कागद फाडायला बसलो होतो. आता फाडत नाही. वरची सगळी कलमं उद्यासाठी आहेत तशी लागू राहतील. राजीखुशीने म्हणावं तर राजी कुणी विचारलं नाही, आणि खुशी आहे पण सीटला स्प्रिंग नाही. अंमलबजावणी मामाने करावी, भाषण न करता.

ठिकाण: मैदान, गाड्यांच्या रांगेत, ताईच्या बॉनेटवर. बॉनेट अजून गरम आहे, म्हणून सही लवकर करतो.

सही: टिचकी

साक्षीदार पहिला: आजोबा. यांना मी काही ठेवलेलं नाही, फक्त त्यांचंच त्यांना परत. सही केली आणि बागेच्या पाइपचं विचारलं.

साक्षीदार दुसरा: पांढऱ्या टोपीवाले तपासनीस. यांना पूर्ण वाचून दाखवलं. म्हणाले, नोकरीत पुष्कळ कागदांवर सह्या केल्या, असा पहिलाच. सही केली.

दिनांक: शनिवार, आजचा. इथे मी पेनाने तारीख लिहायला लागलो तर ताईने माझा हात धरला आणि कानामागची पेन्सिल काढून दिली.

"तारीख पेन्सिलने लिही," म्हणाली. "पुढच्या शर्यतीला खोडता येईल. दर वेळी नवा कागद कुठून आणणार?"